रोमची तारीख

औरंगपुऱ्यात वह्यापुस्तकांच्या दुकानांच्या ओळीत, एका जुन्या इमारतीच्या माडीवर आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब राहते. जून महिन्यात खालच्या दुकानांत पालकांची झुंबड असते. पलीकडे भाजी मंडईचा गलका, गुलमंडीकडे वळणाऱ्या वाहनांचे भोंगे आणि या सगळ्यावर पावसाची पहिली सर. २०२५ सालच्या जूनमध्ये अशाच एका संध्याकाळी त्या माडीवर आम्ही अकरा जण जमलो होतो. मधोमध जेवणाचे टेबल, त्यावर रोम शहराचा नकाशा, आणि तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर ठेवलेल्या चहाच्या चार बशा. त्या नकाशाभोवती बसून आम्ही एक प्रवास आखला. वाचकहो, हे प्रवासवर्णन नव्हे. रोमची वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. ही आहे केवळ त्या आखणीची हकीकत. आणि आखणीत माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची.

निमित्त होते माझ्या गुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवाचे. मला गुरुदीक्षा मिळाली ती २००० साली, महाज्युबिलीच्या वर्षी. त्याआधी, १९९९ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला, वृद्ध पोप जॉन पॉल दुसरे संत पेत्राच्या महामंदिरातील पवित्र द्वाराच्या उंबऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना करीत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. मी तेव्हा पुण्याच्या पेपल सेमिनरीत शिकत होतो. ते चित्र मी एका मासिकातून कापून घेतले आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले. पुढे पंचवीस वर्षांत किती बदल्या झाल्या, किती ट्रंका गंजल्या; पण ते चित्र पुस्तकात तसेच राहिले. त्याचा कागद पिवळा पडला, इतकेच.

पवित्र वर्षाची ही प्रथा १३०० साली पोप बोनिफास आठवे यांनी सुरू केली. आता दर पंचवीस वर्षांनी हे वर्ष येते. या खेपेचे पवित्र वर्ष २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी द्वार उघडून सुरू केले आणि ६ जानेवारी २०२६ रोजी ते संपणार होते. माझ्या गुरुदीक्षेची पंचवीस वर्षे आणि पवित्र वर्ष, दोन्ही एकत्र आली होती. २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, पोप फ्रान्सिस देवाघरी गेले. एप्रिलच्या अखेरीस माझा सत्कार झाला तेव्हा रोमचे आसन रिक्त होते, म्हणून समारंभ साधाच ठेवला. त्या साध्या समारंभातच मंडळींनी जाहीर केले, की यंदा फादरना रोमला पाठवायचे, आणि ज्यांना जमेल त्यांनी बरोबर जायचे. शाल पांघरलेली होती म्हणून बरे. डोळे पुसायला ती उपयोगी पडली.

अकरा जणांत कोण कोण होते? माडीवरचे पतीपत्नी आणि त्यांची दोन मुले, दोन परिचारिका, निवृत्त शिक्षकांचे एक जोडपे, एक विधवा मावशी, मी, आणि आमचे मास्तर. आपल्याकडे खेड्यापाड्यांत ‘मास्तर’ म्हणजे काय, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. फादर येतात आणि बदलून जातात, मास्तर राहतात. मुलांना प्रार्थना शिकवणे, आजाऱ्याला भेटणे, मयताला उभे राहणे, मिस्सेची तयारी करणे, पेटी वाजवणे, आणि नाताळात गोठा बांधणे, ही सारी कामे आमच्या मास्तरांनी तीस वर्षे केली. मानधन म्हणाल तर सांगण्यासारखे नाही. त्यांचा प्रवासखर्च साऱ्या धर्मग्रामाने वर्गणी काढून उचलायचा, असे ठरले. माझ्यासाठी जमलेल्या पैशापेक्षा या वर्गणीचा मला अधिक आनंद झाला होता.

आता तारखा. परदेशातील शहर पाहायला निघणाऱ्या कोणत्याही मराठी कुटुंबाच्या पुढे दोनच मोठ्या सुट्ट्या असतात, दिवाळी आणि नाताळ. निवृत्त गुरुजींनी दिवाळीचा पक्ष मांडला. ऑक्टोबरात रोमची हवा सौम्य असते, दिवस मोठा असतो, गर्दीही नाताळाइतकी नसते. पण परिचारिकांना दिवाळीत रजा मिळणे कठीण. रुग्णालयातील इतर मंडळी सणासाठी रजेवर जातात आणि ख्रिस्ती परिचारिका त्यांच्या जागी उभ्या राहतात, असा तिथला न लिहिलेला करार. शिवाय मावशी म्हणाल्या, “एवढं लांब जायचं तर नाताळलाच जाऊ. पोपमहोदयांच्या हातची मध्यरात्रीची मिस्सा एकदा डोळ्यांनी पाहू द्या.” हे वाक्य ऐकल्यावर दिवाळीचा पक्ष आपोआप मागे पडला. २२ डिसेंबरला निघायचे आणि ३० ला परतायचे, असा कच्चा आराखडा झाला.

प्रवासी कंपनीचे एक गृहस्थ त्या दिवशी माडीवर आले होते. त्यांनी सांगितलेल्या आणि पुढे मी स्वतः चौकशी करून जमवलेल्या काही गोष्टी इथे नोंदवतो. कुणा कुटुंबाला उपयोगी पडतील. नाताळच्या रात्रीच्या पोपमहोदयांच्या मिस्सेला प्रवेशपत्र लागते. ते विनामूल्य असते, पण बरेच आधी मागावे लागते. ‘मध्यरात्रीची’ म्हटली जाणारी ही मिस्सा गेली कित्येक वर्षे मध्यरात्रीपूर्वीच सुरू होते. २५ तारखेला दुपारी बारा वाजता सज्जातून साऱ्या जगाला दिला जाणारा आशीर्वाद मात्र चौकात उभे राहून कोणालाही घेता येतो. व्हॅटिकनची संग्रहालये २५ आणि २६ डिसेंबरला, तसेच १ आणि ६ जानेवारीला बंद असतात. २६ डिसेंबर हा संत स्तेफनचा दिवस तिथे सार्वजनिक सुट्टीचा. नाताळच्या दिवशी बसगाड्या थोड्या वेळच धावतात, बरीच उपाहारगृहे बंद असतात. आपण सण पाहायला जातो, तेव्हा ते शहर आपल्या घरच्यांबरोबर जेवायला बसलेले असते. संध्याकाळी पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे यादीत दहा स्थळे लिहिली, तरी दिवसाच्या उजेडात चारच होतात.

राहण्याच्या जागेचा विषय निघाला. रोममध्ये धर्मभगिनींची अनेक अतिथिगृहे आहेत; स्वच्छ, साधी, परवडणारी. मात्र काही ठिकाणी रात्री ठरलेल्या वेळी दार बंद होते. पवित्र वर्षात या जागा लवकर भरतात, असे ते गृहस्थ सांगत होते. एवढ्यात यजमानांचा धाकटा मुलगा मला म्हणाला, “फादर, संत योसेफांनी आधी बुकिंग केलं नव्हतं का?” सारे खळखळून हसले. मीही हसलो. शेवटी त्या गृहस्थांनी वही उघडून विचारले, “फादर, तारीख पक्की करू ना?”

मी म्हणालो, “बघू.”

‘बघू’ हा आपल्या भाषेतील मोठा सोयीचा शब्द. त्यात होकार नाही, नकार नाही, खोटेपणाही नाही. समोरचा माणूस त्यातून आपल्याला हवे ते उत्तर काढून घेतो आणि आपण मोकळे होतो. त्या संध्याकाळी मला उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. माझ्या धर्मग्रामाला शहराबाहेर गंगापूरच्या बाजूला चार खेडी जोडलेली आहेत. २४ च्या संध्याकाळी पहिल्या गावात मिस्सा, रात्री शहरात, आणि २५ ला सकाळपासून दुपारपर्यंत उरलेली तीन गावे, अशी माझी नाताळची धावपळ असते. नाताळात बदली धर्मगुरू मिळणे म्हणजे पोळ्याच्या दिवशी शेजाऱ्याचा बैल नांगराला मागण्यासारखे आहे. प्रत्येकाला आपापले गाव असते. हे सारे मला माहीत होते. पण टेबलावर नकाशा पसरला होता, मावशींचे डोळे चमकत होते, आणि माझ्या पुस्तकात ते पिवळे चित्र होते. कोणी तरी सापडेल, काही तरी जमेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. जुलै गेला, ऑगस्ट गेला. गणपतीच्या दिवसांत औरंगपुऱ्यात ढोलताशे घुमू लागले. प्रवासी कंपनीचा निरोप आला, की मी पुन्हा म्हणे, “बघू.”

सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आमच्या चारही खेड्यांच्या शिवारात पाणी उभे राहिले. कापूस काळवंडला, सोयाबीन सडले, काही ठिकाणी मातीच खरवडून गेली. दिवाळीनंतर मी त्यांपैकी एका गावी मिस्सेला गेलो. मिस्सा झाल्यावर एक आजी काठी टेकत माझ्याजवळ आल्या. माझ्या सत्कारासाठी त्यांनी पन्नास रुपये दिले होते, हे मास्तरांनी मला सांगितले होते. त्या म्हणाल्या, “फादर, तुम्ही नाताळाला रोमला चाललात म्हणं. जा बरं, लई चांगलं हाये. पण औंदा आमच्याकडं मिस्सा कोन करनार, तेवढं सांगून जा. औंदा घरात दुसरं काहीच न्हाई.”

आजींच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कोणी वाण्याला भाव विचारावा तितक्या सरळपणे त्या विचारत होत्या. माझ्यापाशी त्यांना द्यायला ‘बघू’खेरीज उत्तर नव्हते, आणि तो शब्द माझ्या तोंडून फुटेना. पीक गेलेल्या गावात नाताळची मिस्साही होणार नाही, अशी व्यवस्था मी स्वतःच्या हाताने करीत होतो. मी म्हणालो, “आजी, मीच येणार आहे.” चार महिने जे उत्तर मला सापडत नव्हते, ते असे एका क्षणात सापडले. खरे तर ते जूनमध्येच माझ्या खिशात होते.

१ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या संध्याकाळी, पुन्हा त्याच माडीवर मी मंडळींना सांगितले, की २५ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत मी धर्मग्राम सोडू शकत नाही. तुम्ही ठरल्याप्रमाणे जा, मी मागे राहतो. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मावशी म्हणाल्या, “फादरना सोडून आपण रोमला जायचं, आणि सांगायचं काय? फादरच्या ज्युबिलीला आलो म्हणून?” तिथल्या तिथे तारखा बदलल्या. २६ च्या रात्री देवगिरी एक्सप्रेसने मुंबई, २७ ला विमान, आणि परतणे ५ जानेवारीला.

या बदलाची किंमत काय, तेही त्याच टेबलावर मांडले गेले. नाताळच्या रात्रीची मिस्सा हुकली. रोमच्या चार मुख्य महामंदिरांपैकी लातेरानचे संत योहान, पवित्र मरिया माज्योरे आणि तटबंदीबाहेरचे संत पौल, या तिन्ही ठिकाणची पवित्र द्वारे २८ डिसेंबरपर्यंत बंद व्हायची होती. उघडे राहणार होते फक्त संत पेत्राचे. म्हणजे चार द्वारांऐवजी आमच्या वाट्याला एकच उरणार होते. मावशींनी मान हलवली. “एक दार पुरे आहे,” त्या म्हणाल्या. इथपर्यंत सारे माझ्या वाट्याला सोपेच आले. माणसांनी मला उदारपणे क्षमा केली, आणि मी ती तितक्याच सहज स्वीकारली. उशिराचा खरा भार कोणावर पडणार आहे, हे अजून दिसायचे होते.

युरोपातील बहुतेक देशांना मिळून एकच लहान मुदतीचा व्हिसा लागतो. त्यासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. पंधरा दिवस आधी ही शेवटची मर्यादा. २०२४ च्या जूनपासून प्रौढांसाठी ९० युरो शुल्क आहे, आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याने स्वतः जाऊन दहाही बोटांचे ठसे द्यायचे. बँकेच्या खात्याचा मागील काही महिन्यांचा उतारा जोडायचा. जूनच्या बैठकीत तारीख पक्की झाली असती, तर हे सर्व ऑगस्टमध्ये निवांतपणे झाले असते. आता नोव्हेंबर लागला होता. तारखा बदलल्याने विमानाची तिकिटे नव्याने, राहण्याची जागा नव्याने, आणि तीन आठवड्यांच्या आत अकरा जणांचे कागद.

मास्तरांच्या खात्यात तेव्हा काही हजार रुपये होते. वर्गणीचे पैसे धर्मग्रामाच्या खात्यात पडून होते. अर्जाला आठ दिवस उरले असता मी ते दीड लाख रुपये एकदम मास्तरांच्या खात्यावर भरले. खात्यात भरपूर शिल्लक दिसली म्हणजे काम झाले, अशी माझी भाबडी कल्पना. वास्तविक जूनमध्येच त्या प्रवासी कंपनीच्या गृहस्थांनी बजावले होते, की अर्जाच्या तोंडावर एकरकमी भरलेला पैसा संशय उत्पन्न करतो. ज्याचा खर्च दुसरे कोणी करणार असेल, त्याच्यासाठी खर्च करणाऱ्याचे पत्र आणि त्याच्या खात्याचे कागद स्वतंत्रपणे द्यावेत. मास्तरांच्या नावे एक एकर जमीन आहे. तिचा सातबारा उतारा, तीस वर्षांच्या मानधनाच्या नोंदी, घरच्या माणसांचे कागद, हे सारे ‘हा माणूस परत येणार आहे’ याचा पुरावा म्हणून जोडता आले असते. घाईत यातले काहीच जोडले गेले नाही. मी माझ्या ‘बघू’त इतका गुंतलो होतो, की दुसऱ्याने वेळेवर सांगितलेले शहाणपण माझ्या कानावरून वाहून गेले.

ठसे देण्यासाठी आम्ही मुंबईला गेलो तेव्हा रांगेत मास्तर माझ्या पुढे उभे होते. शेतातल्या कामाने त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. यंत्राला ठसा लागेना. तीनदा हात पुसावा लागला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “फादर, आपल्याकडे जे पहिले मिशनरी आले, त्यांना पण असे ठसे द्यावे लागले असतील का?” मी विचारात पडलो. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे ते धर्मगुरू फ्रान्समधल्या सॅव्हॉय प्रांतातून या कोरड्या मुलखात आले. तो संघ फादर पिएर मेर्मिए यांनी १८३८ साली ॲनेसी येथे स्थापन केला, आणि त्याचे काही मिशनरी घोगरगावसारख्या खेड्यांत कायमचे राहिले. त्यांच्याकडे परतीचे तिकीट नव्हते. त्यांची परतण्याची अपेक्षाही नव्हती. आज त्यांच्याच वाटेने उलट निघालेल्या आपल्या माणसाला आधी सिद्ध करावे लागते, की मी नक्की परत येईन.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पारपत्रे परत आली. दहांवर व्हिसा होता. अकराव्याबरोबर एक छापील कागद होता. त्यावर कारणांच्या चौकटी होत्या आणि एका चौकटीत खूण होती. अर्जदार मुदत संपण्यापूर्वी परत जाईल, याविषयी वाजवी शंका आहे, असा त्याचा अर्थ. तीस वर्षे जो माणूस दोन गावांच्या पलीकडे मुक्कामाला राहिला नाही, त्याच्याविषयी ही शंका! पण शंका घेणाऱ्याचा मी दोष म्हणणार नाही. त्याच्यापुढे मास्तर नव्हते, मास्तरांचे खाते होते. आणि त्या खात्याला मीच संशयास्पद करून ठेवले होते. दाद मागायला किंवा नवा अर्ज करायला आता दिवस उरले नव्हते.

तो कागद घेऊन मी मास्तरांच्या घरी गेलो. ते अंगणात कामट्या तासत बसले होते. गोठ्याची तयारी चालली होती. मी सारे सांगितले. जूनपासूनचा माझा ‘बघू’ही सांगितला. धर्मगुरू म्हणून मी हजारो पापनिवेदने ऐकली असतील. त्या दिवशी अंगणातल्या बाजेवर बसून मी माझे निवेदन केले. मास्तर बराच वेळ कामटीवरचा सुरा थांबवून बसले. मग म्हणाले, “वाईट तर वाटलंच फादर. मी सगळ्यांना सांगून बसलो होतो.” एवढे बोलून ते पुन्हा कामटी तासू लागले. ‘काही हरकत नाही’ असे ते म्हणाले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. काही हरकत नाही असे म्हणून त्यांनी मला सोडवले असते, तर आज हा लेख मी लिहिला नसता.

मी त्यांना म्हणालो, की मीही जाणार नाही. तेव्हा मात्र ते रागावले. “लोकांनी पैसे तुम्हाला जायला दिले. तुम्ही राहिल्यानं मला व्हिसा मिळणार आहे का?” या प्रश्नालाही माझ्याजवळ उत्तर नव्हते. चुकीचे प्रायश्चित्त आपल्याला सोयीचे असेल त्या रूपात घेता येत नाही, हे सेमिनरीत शिकलेले मला त्या अंगणात नीट समजले.

नाताळच्या दुपारी त्या आजींच्या गावात मिस्सा झाली. बाकांवर नवे कपडे थोडेच दिसत होते. मास्तरांनी कामट्यांचा आणि काळवंडलेल्या कापसाचा गोठा केला होता. तो कापूस बाजारात कोणी घेतला नसता, पण बाळ येशूच्या अंथरुणाला चालला. आजी पुढच्या रांगेत होत्या. मिस्सेनंतर त्यांनी माझा हात धरून एवढेच विचारले, “आता जाणार ना?”

२७ डिसेंबरला रात्री आम्ही दहा जण रोमला पोचलो. दुसऱ्या दिवशी पवित्र कुटुंबाचा रविवार होता. त्या दिवशीचे शुभवर्तमान इजिप्तला केलेल्या पलायनाचे. एक कुटुंब रातोरात सरहद्द ओलांडते आणि परतण्याची तारीख त्यांच्या हाती नसते. धाकट्याच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सुचले. बेथलेहेमला जाण्याची तारीख योसेफांनी ठरवली नव्हती, ती सम्राटाच्या शिरगणतीने ठरवली. इजिप्तची तारीख हेरोदाने ठरवली. ज्यांच्या तारखा दुसरे ठरवतात, ते आधी जागा कशी राखून ठेवणार? माझी तारीख मात्र माझ्या हातात होती.

३० डिसेंबरला सकाळी आम्ही पियात्सा पिया या चौकातून यात्रेकरूंच्या रांगेत निघालो. प्रत्येक गटाला तिथे एक लाकडी क्रूस देत. आमचा क्रूस मावशींनी उचलला. सरळ रस्त्याने महामंदिराकडे जाताना आम्ही मराठीतून जपमाळ म्हणत होतो. पुढे पोलंडचे लोक त्यांच्या भाषेत, मागे कुठले तरी स्पॅनिश बोलणारे. पवित्र द्वारातून आत जायला किती वेळ लागतो? चार पावले. जॉन पॉल ज्या उंबऱ्यावर गुडघे टेकून होते, तिथे थांबायलाही मिळाले नाही. मागून गर्दी सरकत होती. उजव्या हाताला लगेच मायकेलॅंजेलोचा ‘पिएता’ दिसला. मृत पुत्राला मांडीवर घेतलेली ती आई पाहताना मला चित्रातले पोप आठवले नाहीत. अंगणात कामटी तासणारे हात आठवले.

परतल्यावर मी मास्तरांना भेटलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो चौकातल्या गोठ्याविषयी. “केवढा होता, फादर? छपराला काय घातलं होतं?” मी आठवेल तसे सारे सांगितले. त्यांनी मधूनमधून शंका विचारल्या, एका जागी मान हलवली, आणि शेवटी म्हणाले, “उंची जास्त झाली की बाळ दिसत नाही.”

तुमच्यापैकी अनेक कुटुंबे पुढच्या नाताळात कुठे ना कुठे जाण्याचा विचार करीत असतील. कोणाचा मुलगा दुबईला आहे, कोणाची मुलगी लंडनला. अवश्य जा. पण बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने सांगितले आहे, आणि त्या हिशेबात पैशाइतकीच तारखेची गणती करा. ती पक्की करण्यापूर्वी घरात विचारा, की आपण गेल्यावर नाताळच्या दिवशी कोणाच्या घरी दिवा लागणार नाही. वृद्ध आईबाप कोणाकडे जेवतील, शेजारच्या एकट्या बाईकडे करंज्या कोण नेईल. जमणार असेल तर लवकर ‘हो’ म्हणा, जमणार नसेल तर त्याहून लवकर ‘नाही’ म्हणा. उशिरा दिलेल्या उत्तराचे पैसे नेहमी श्रीमंतालाच भरावे लागत नाहीत. ज्याचे कागद सर्वांत पातळ असतात, त्याच्यावरच तो भार पडतो.

तारणाच्या घटनेला दोन हजार वर्षे पूर्ण होतील ते वर्ष २०३३ असेल, आणि त्याकडे पाहण्याचे आवाहन पोप फ्रान्सिस यांनी या पवित्र वर्षाच्या घोषणापत्रात केले होते. मास्तरांचे पारपत्र २०३५ पर्यंत चालेल. वर्गणीतली उरलेली रक्कम, विमानाच्या तिकिटाचे जेवढे परत मिळाले तेवढे धरून, त्यांच्या नावे मुदतठेवीत ठेवली आहे. शिवाय फेब्रुवारीपासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मास्तर आणि मी बँकेत जातो. ते त्यांच्या खात्यात पाचशे रुपये भरतात, मी माझ्याकडून त्यात तितकेच घालतो. एकरकमी काही नाही. पासबुक छापून आले, की मास्तर चष्मा लावून शेवटची ओळ वाचतात आणि ते पिशवीत सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवतात.